वहिनीच्या वाटणीचा प्रसाद

प्रिय अंतोन,

गेलेल्या माणसाला पत्र लिहायचं म्हणजे वेडेपणाच. पण काल रविवारी मी साताऱ्याला तुझ्या चर्चमध्ये, भर मिस्सेत, असा घोळ घातलाय की तुला सांगितल्याशिवाय मला सांगलीत चैन पडेना. आजवर माझा प्रत्येक घोळ पहिल्यांदा तुलाच कळायचा. आता कुणाला सांगू?

त्याआधी मार्था वहिनींचं सांगतो. गेलो होतो त्यांच्यासाठीच.

तुला मातीत ठेवलं तेव्हा वहिनी रडल्या नाहीत. नंतरही नाहीत. आल्यागेल्याला चहा देतात, भांडी घासतात, आणि भिंतीकडं तोंड करून बसतात. चर्चला जायचं तर त्यांनी सोडूनच दिलं. परवा पुण्याहून तुझ्या ल्युसीचा फोन आला. म्हणाली, "काका, आई अशीच राहिली तर मला तिचीच भीती वाटते. फादर येऊन गेले, मी येऊन गेले. आता तुम्ही बघा." आता मी हळदीचा व्यापारी, मला ह्यातलं काय कळतंय? पण तुझी पोरगी काका म्हणाली. गाडी काढली.

मला तू कुठनं उचललंस आठवतं का? मी यार्डात हळदीची पोती वाहत होतो. तू साताऱ्याहून सांगलीच्या कारखान्यात फिटर म्हणून आलेला, कबड्डीचा संघ बांधायला माणसं हुडकत होतास. माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणालास, "गड्या, हे खांदे पोत्याखाली का वाया घालवतोयस?" त्या थापेनं मी माणसांत आलो रे! पुढं दुकान झालं, पेढी झाली, लोक शेटजी म्हणायला लागले. तू मात्र शेवटपर्यंत बाळ्याच म्हणालास.

आणि तुझा तो रविवार! मिस्सा झाल्याशिवाय मैदानात पाऊल नाही. एकदा आपला कप्तान वैतागून म्हणाला, "अंत्या, तुझ्या देवाला सांग की, सकाळी उपांत्य सामना हाय!" तू शांतपणे म्हणालास, "सांगतो. पण त्यो म्हणंल, सामना दुपारी ठिवा की." आणि ठेवला की रे पोरांनी दुपारी! तू क्रूस करून चढाईला निघालास की बघे ओरडायचे, "क्रूस काढला, आता न्हेतोय कुणालातरी!" आम्ही कपाळाला माती लावायचो. तू क्रूसही करायचास, मातीही लावायचास. विचारलं तर म्हणायचास, "देव एक, पण माती त्येनंच केलीय न्हवं?"

सामन्यानंतर रात्रीचं जेवण कुठंही असो, तू पोरांसाठी कागदात जिलबी बांधून न्यायचास. हरलो तरी जिलबी. ल्युसी विचारायची, "पप्पा, कोण जिंकलं?" तू म्हणायचास, "ज्याच्या हातात जिलबी, त्यो." बिचारीला कितीतरी वर्षं वाटायचं, आपला बाप कधी हरतच नाही!

आता तुझ्यावरचा राग सांगतो. समोरचा चढाईला आला की त्याचा दम कुठं विरळ होतोय ते सगळ्यांत आधी मला ऐकू यायचं. कोपऱ्यातनं मी ओरडायचो, "धरा रं!" आणि तो सापडायचा. आजही हळकुंड मोडल्याच्या आवाजावर मी माल वाळला का ओला ते सांगतो. असल्या माणसाला तू साताऱ्याला परत गेल्यावर फोनवर फसवायला निघालास? तुझी वाक्यं आखूड व्हायला लागली होती. मी विचारलं, "अंतोन, धाप का लागतीय रे?" तर म्हणालास, "आत्ताच जिना चढून आलोय गड्या."

अरे, तुझं घर बैठं! कुठला जिना?

फुप्फुसाचं दुखणं माझ्यापासून लपवून काय मिळवलंस? मला त्रास नको म्हणून? लेका, मी कोपऱ्यात उभा राहिलो तो कशासाठी?

असो. काल सकाळी तुझ्या दारात गेलो. वहिनींना म्हणालो, "चला, चर्चला जाऊ."

"न्हाई भावजी." त्यांचा आवाज वाळल्या लाकडासारखा. "रोज रोझरी म्हटली मी. तोंडानं नाव त्येचं, अन् कान ह्यांच्या श्वासाकडं. काय ऐकलं त्येनं? आता मला त्येच्याशी बोलायचं न्हाई."

मी म्हणालो, "तुम्ही नका बोलू. नुसतं शेजारी बसा. मला एकट्याला आत जायला भ्या वाटतंय."

माझी त्यांना दया आली असावी. पदर सावरून निघाल्या. तुमचा नेहमीचा बाक पुढं आहे म्हणे, पण तिकडं त्या बघेनात. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. लोक उठले की मी उठायचो, सगळ्यांच्या मागनं. गुडघे टेकायच्या वेळी तर माझ्या हाडांचा आवाज वेदीपर्यंत गेला असेल. वहिनी दगडासारख्या बसलेल्या.

मग लोक रांगेनं पुढं जायला लागले. फादर एकेकाला काहीतरी पांढरं, चपटं देत होते. मी ओळखलं, प्रसाद! वहिनी जागच्या हलेनात. आता आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. समोर आलेला प्रसाद नाकारायचा नाही, आणि घरातलं माणूस आलं नसेल तर त्याची वाटणी मागून न्यायची. मी उठलो. रांगेत लागलो. फादरांपुढं तीर्थ घेतात तसा हात पसरला आणि म्हणालो, "फादर, दोन द्या. एक वहिनींसाठी."

अंतोन, सगळं चर्च गप्प होतं रे! शेवटच्या बाकापर्यंत गेलं ते!

फादर तरणेच आहेत, पण हसले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि हळूच म्हणाले, "काका, हा नुसता प्रसाद नसतो. दुसऱ्याच्या वाटणीचा नेता येत नाही. ज्याचा त्यानंच येऊन घ्यायचा असतो."

मी रिकाम्या हातानं परत. बाकावर टेकलो आणि कुजबुजलो, "वहिनी, तुमचा देत न्हाईत. तुम्हालाच यायला सांगितलंय."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. पदर तोंडावर धरला. खांदे हलायला लागले. हसत होत्या! मीही हसलो. आणि मग त्या हसण्याचा सूर फिरला. माझ्या कानाला लगेच कळलं. पदराआडून असा हुंदका आला की पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली. मी म्हणालो, "बघू नका ताई, होऊ दे." मिस्सा संपली, लोक गेले, फादरांनी दिवेसुद्धा मालवले नाहीत. वहिनी रडत होत्या आणि मी शेजारी बसलो होतो. किती वेळ, देव जाणे. मीही रडलो. पण ते तुझं तुझ्यापाशीच ठेव.

रांगेत त्या काल गेल्या नाहीत. खोटं कशाला सांगू? पण बाहेर आल्यावर फाटकाशी थांबल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "भावजी, फुडच्या रविवारी जरा लौकर निघा सांगलीतनं. शेवटच्या बाकावरनं फादरांचं नीट ऐकू येत न्हाई."

निघेन. उजाडायच्या आत निघेन. ह्या वयात मी एकट्यानं गाडी हाकणं पोरांना पसंत नाही, पण तो माझा प्रश्न. फादरांनी मला दाखवून ठेवलंय, पुढं गेलो तर हात पसरायचा नाही, छातीवर दुमडायचा, म्हणजे ते नुसता आशीर्वाद देतात. तुमच्या बाकावर वहिनी त्यांच्या जागी बसतील, मी ह्या कडेला बसेन. मधल्या तुझ्या जागेवर बसणार नाही. आणि ज्या रविवारी त्या आपणहून उठून रांगेत जातील, त्या रविवारी त्या परत येईपर्यंत त्यांचीही जागा कुणाला देणार नाही. हा माझा शब्द.

तुझाच,
बाळ्या