गरम पाण्याचं उदाहरण

१२ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल तुझ्या अर्थमंत्र्यांचं भाषण टीव्हीवर ऐकलं. घरात गरम पाण्याची टाकी एकच असते, पहिल्यानं भसाभसा उपसली तर शेवटच्याच्या नशिबी गार पाणी, देशाच्या विजेचंही तसंच आहे, असं म्हणाले. सभागृहात टाळ्या, आणि इथे माझ्या अंगाचा तिळपापड.

ते उदाहरण माझं आहे, ताई. वर्षानुवर्षं मी ते वर्गात सांगतो. आपल्या घरी आंघोळीला पहिली तू जायचीस आणि शेवटी मी, त्यातूनच ते निघालं. आज फळ्यावर टाकी काढली, तर एक मुलगी म्हणाली की सर मंत्र्यांचं चोरतात. अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. मी डस्टर धरून उभा.

तू सल्लागार झालीस तेव्हा मी गल्लीभर सांगत फिरलो, पण आतून जळत होतो. अजून जळतो. तुला मोठं दालन, गाडी, मंत्र्यांचा कान. मला एक वर्ग, त्यातलंही तू उचललंस. मंत्र्यांना माझं नाव जाहीर घ्यायला लाव.

लोभ आहे, पण सध्या जरा आटलाय.
तुझा,
भुंग्या

२० ऑगस्ट

चि. भुंग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र त्याच गाडीत बसून वाचलं. भाषणाच्या मसुद्यात मी लिहिलं होतं की माझा प्राध्यापक भाऊ हे उदाहरण देतो. मंत्र्यांनी पहिली काट तिथेच मारली. आता सांगत सुटलेत की कल्पना त्यांनाच सुचली. परवा बैठकीत त्यांनी ती मलाच समजावली, अगदी सावकाश. मी मान डोलावली.

आणि उपाय माझा होता. जो जास्त वीज ओढेल त्याला चढा दर. तो सगळा गाळला, मतं जातील म्हणून. तुझी टाकी देशभर पोचली, माझं एक वाक्य उरलं नाही. तेव्हा जळायचंच असेल तर मीही काही कमी जळत नाही. तुझी मुलं निदान चोर म्हणण्याइतकं ऐकतात तरी.

तुझ्या प्राचार्यांनी मला व्याख्यानाला बोलावलंय. येते, आणि तुझ्या वर्गात उभी राहून सांगते उदाहरण कोणाचं ते.

भांडण झालं तरी पत्र लिहीत जा.
तुझी,
ताई

२७ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

प्राचार्यांनी मला न विचारता तुला बोलावलं, आणि आतापासून सभागृहाच्या खुर्च्या पुसून घेताहेत. तिथे खुशाल बोल. माझ्या वर्गात मात्र पाऊल ठेवू नकोस. तू सांगितलंस की मुलं लगेच मानतील, कारण तू मंत्र्यांची सल्लागार. मी जन्मभर सल्लागारबाईंचा भाऊ होऊन बसेन. त्यापेक्षा चोर बरा. मुलांचं मी बघतो.

तुझा तो गाळलेला उपाय तेवढा पाठव, सविस्तर. पुढच्या आठवड्यात वर्गात शिकवतो. तुझं नाव घेणार नाही.

मुक्कामाला घरीच ये. लोभ आहेच, पण आंघोळीला पहिला मी जाणार.
तुझा,
भुंग्या