पोळ्याचं आवतन अन् टेकचंदचा दाब

सिहोरा, जिल्हा भंडारा
पोळ्यानंतरचा बुधवार, १९८३

चांद्या बैल आजही धानाच्या सुक्या तनसीले तोंड लावून नाही राहिला, अन् हे तुह्यामुळं. हे आधीच लिहून टाकलं, कारण आशीर्वाद लिहेपर्यंत माहा राग थंडा होते.

चिरंजीव नातू टेकचंदले आजीचा आशीर्वाद. (थोडासाच. बाकीचा बैल खाऊ लागला का पाठवीन.) तब्येत बरी असेल, नागपुरात दोन्ही टाइम आयतं ताट भेटते, खराब व्हाले काय झालं? इथं सारे खुशाल आहेत, बैल सोडून.

पोळ्याच्या आठवडाभर आधी आला तसा तू मले ओसरीत बसवून तुहं कॉलेजातलं काम समजावलं. तुमी म्हणे दोन हिऱ्यांच्या टोकांमधात मोहरीपेक्षा बारीक खडा ठेवता अन् आवळता. (हिरे! इथं तुह्या आईच्या नाकातली चमकी खोटी आहे.) खडाही कसा, तर अर्धवट: धड विजेले जाऊ देत नाही, धड अडवत नाही. दाब वाढवला का तोच मुकाट वीज सोडते. तुह्या आजोबानं जलमभर मले हेच केलं, त्याले कोणी हिरे नाही देले.

तेवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण तुनं गोठ्यात हात घातला. म्हणे ढोरांच्या कॉलेजातला एक दोस्त सांगते, नुसत्या तनसीत दम नाही. तिच्यावर गुळाच्या पाण्यात जरासा युरिया शिंपडा, मंग बैलाच्या पोटातले बारीक जीव ती चांगली पचवतात. (धानाच्या बांधीत टाकाचा युरिया बैलाले! पण चांद्या आवडीनं खाऊन राहिला, म्हणून मी चूप.) अट एकच: याच्यासंग भात, डाळ, पुरण नाही, नाहीतर पोटात सारं आंबते. हे तुनंच घरभर बजावलं. अन् पोळ्याच्या दिवशी तूच नवा शर्ट घालून चांद्याले घरोघरी फिरवला! सीताबाईकडं पुरणाची पोळी, मारोतरावाकडं भात, टिकारामकडं वडे, अन् तू दोर धरून दात काढत उभा. विचारलं तर म्हणते, "आजी, नैवेद्य का चाऱ्यात मोजाचा असते?" अन् हा सायन्स शिकलेला पोट्टा!

संध्याकाळी चांद्याची डावी कूस ढोलावाणी फुगली. पाय झाडे, लोळे. पुढं धान घरी आणाचं आहे. जोडीतला एक गेला असता तर दुसऱ्यासंग तुले जुपलं असतं का? तुह्या बापानं जवसाचं तेल पाजलं, ढोरांच्या डॉक्टरानं कुशीत नळी घातली, अन् असा वास सुटला का सीताबाई पोळ्याच्या नव्या लुगड्याचा पदर नाकाले लावून पळाली. बैल वाचला. अन् तू? गव्हाणीपाशी पांढराफटक उभा राहून, "विजयमालानं असं नव्हतं सांगितलं, विजयमालानं असं नव्हतं सांगितलं," करत होता. साऱ्या गावासमोर.

तर दोस्ताचं नाव विजयमाला आहे होय.

तुहा तो खडा मले तवा समजला. बरोबर दाब पडला का जे वर्षभर अडून राहते, ते धडाधड वाहाले लागते.

तुही आजी,
रंभाबाई

ता. क. चांद्याले पुरणाचं पहिलं ताट मीच देलं होतं. पण आदल्या दिवशी त्याच्या खांद्याले तूप-हळद लावून "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" मीच म्हटलं होतं. आवतन देलेल्या पाहुण्याले ताटावरून उठवू?

आणखी ता. क. खरं काम हे आहे. चांद्याले आता तुह्या गुळ-युरियाबिगर तनीस चालत नाही. हाडं दिसून राहिली. नुसती तनीस टाकली का माह्याकडं असा पाहते, जशी का मी त्याची सासू. त्याले पुन्हा ते द्याचं का नाही, देलं तर किती, अन् नुसत्या तनसीवर कसं आणाचं, हे लवकर कळू दे. तू लिहू नको, तुले निम्मंच ध्यानात राहते. उत्तर विजयमालानंच लिहावं, तिच्या हातानं, माह्या नावावर. तू फक्त पाकिटाले तिकीट लाव.