अठ्ठावीसचा आवाज

शिरूर,
१२ फेब्रुवारी २००१

प्रिय मच्छिंद्र,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू चमकला असशील. आपण एकमेकांना कधी पत्र लिहिलं नाही. आधी गरज नव्हती, आणि मग हिंमत नव्हती. पप्पा बरे आहेत. कान मात्र पूर्ण गेले. तरी सकाळी गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि गिऱ्हाईक आलं की गाडीच्या टाकीवर हात ठेवून काय बिघडलंय ते सांगतात. बहुतेक वेळा बरोबर असतं. तुझी आईही हिंडतीफिरती आहे, डोळ्यांपुढचं धुकं तेवढं वाढलंय. हे आधी लिहितेय, कारण पुढचं वाचून तू अर्ध्यात उठून निघशील अशी मला भीती वाटते. शेवटपर्यंत वाच, मग ऊठ.

नाताळात तुझा फोन आला. मार्चमध्ये दौंडला मैदानावर मोटरसायकलींची रेस आहे, रविराजची गाडी काढ, तयार कर, मी चालवणार, असं तू म्हणालास. फोन ठेवताना म्हणालास, "आणि दबोरा, कार्बोरेटर त्यानं लावला होता तोच लाव. अठ्ठावीसचा." गाडीला मी हो म्हटलं. कार्बोरेटरला हो म्हटलं नाही, ते तुझ्याही लक्षात आलं असेल.

त्या कार्बोरेटरवरून पप्पांची आणि रविराजची झालेली भांडणं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. इंजिन शंभर सीसीचं, कंपनीचा कार्बोरेटर वीस मिलिमीटर तोंडाचा. पप्पांनी आतली वाट घासून मोठी केली, तेव्हा वीस कमी पडायला लागला, वरच्या वेगाला इंजिनाचा जीव कोंडायचा. पप्पा म्हणाले, चोवीस लावू. तुझा भाऊ पुण्याला नाना पेठेत जाऊन अठ्ठावीसचा घेऊन आला. पप्पांनी त्याला अंगणातला पाण्याचा पाइप हातात धरायला लावला होता, आठवतं? तोंड दाबलं तर धार कुंपणापलीकडे, सोडलं तर पाणी पायावर. "हवेचं असंच आहे, रवी," पप्पा म्हणाले. "भोक मोठं केलं की हवा सुस्तावते. सुस्त हवा पेट्रोल ओढून आणत नाही. तू रेस देशील आणि खालच्या वेगाला काहीच येणार नाही. आणि येईल तेव्हा सगळं एकदम येईल." रविराज हसला. "मामा, खाली कुणाला चालवायचीय? वर गेल्यावर बघा, उडती ती."

इनामगावच्या नदीतून वर चढताना तसंच झालं. वळणावर त्यानं रेस दिली, गाडी नुसती गुदमरली. त्यानं पूर्ण पिळली, आणि मग सगळं एकदम आलं. बाभळी समोरच होत्या. तो जागीच गेला. गाडी आणून पप्पांनी मागच्या भिंतीला लावली आणि वर ताडपत्री टाकली. तू दौंडला रेल्वेच्या लोको शेडमध्ये लागलास. मी गॅरेज सांभाळायला लागले. कुणी कुणाला थांब म्हटलं नाही.

तर ताडपत्री मी काढली. हँडल सरळ केलं, पिस्टन, रिंगा, प्लग सगळं नवं घातलं आणि तुला न सांगता चोवीसचा कार्बोरेटर बसवला. दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. न्हावऱ्याच्या रस्त्याला घेऊन गेले. काय सांगू तुला, लोण्यासारखी पळाली. खालून ओढ, मधून ओढ, वर कुठे अडखळ नाही. दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्यावर आलेली, ऊन कोवळं. मागच्या सीटवर तू आहेस असं क्षणभर वाटलं आणि मी एकटीच हसले. पप्पांचं बरोबर होतं, या इंजिनाला चोवीसच. परत आले तेव्हा तुझी आई गॅरेजच्या दारात उभी होती. बाजारातून आवाज ऐकून आली म्हणे. मी गाडी तिच्याजवळ नेऊन उभी केली, बंद केली नाही. तिनं मान तिरकी करून ऐकलं आणि हात झटकला.

"ह्यो माजा रवी न्हाई."

मी म्हटलं, "मावशी, गाडी तीच आहे."

"गाडी आसंल. पर त्यो न्हाई ह्यात. त्येचा आवाज निराळा हुता. मला कळतो की."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा आली. कार्बोरेटर बदललाय हे मी तिला सांगितलं होतंच, तर जुनं यंतर लाव, एकदाच ऐकू दे, म्हणाली. मला वाटलं, लावून दाखवू. रेस सोडली की अठ्ठावीस त्या इंजिनावर कधीच टिकत नव्हता, दोन धक्के देऊन बंद पडायचा. बंद पडला की मावशीचं समाधान होईल आणि ती घरी जाईल. मी कार्बोरेटर बदलला, किक मारली.

मच्छिंद्र, गाडी बंद पडली नाही. रेसवरचा हात मी काढून घेतला तरी ती संथ, एकसारखी चालत राहिली. तू ते इंजिन ओळखतोस. ते असं चालूच शकत नाही. तुझ्या आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला लिहिता येणार नाही. ती टाकीजवळ बसली आणि म्हणाली, "आलास व्हय रं? जेवलास का?" आणि इंजिन किंचित वर चढलं, जसं कुणी मूठ हलकेच पिळावी, आणि पुन्हा खाली आलं. मी रेसची केबल बघितली. केबल सैल होती, जागची हलली नव्हती. हवा कुठून ओढतेय का तेही बघितलं. कुठून नव्हती.

मग ती रोज दुपारी यायला लागली. मी चालू करून द्यायचे, ती बोलत बसायची. तू दौंडला कसा एकटा राहतोस, हाताने भाकरी थापतोस, सगळं त्याला सांगायची. सुरुवातीला मला ते बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हातारीला कुणी तरी बोलायला मिळालं. रस्त्याने जाणारे लोक थांबायचे आणि हसून पुढे जायचे. पण एकदा तिनं मला इनामगावच्या पांढरीची, त्या जुन्या वस्तीच्या टेकाडाची, गोष्ट सांगितली. लग्नानंतर तिथं पुण्याचे लोक उकरायला आले होते, तेव्हा ती मातीच्या पाट्या वाहायला जायची. हजारो वर्षांपूर्वीची घरं निघाली, आणि घराच्या जमिनीखाली माणसं निघाली. "आपल्याच घरात पुरायची त्ये लोक, दबोरे. लांब न्हेत नव्हती. आन् पाय तोडल्यालं असायचं, घोट्यापासनं. साहेब म्हनला, उठून चालाय लागू नये म्हून." मग टाकीवरून हात फिरवत ती म्हणाली, "माज्या रवीला ह्यी चाकं हायती. बरं झालं."

मी विचारलं, "बरं कसं काय, मावशी?"

"त्येला मच्छिंद्राकडं जायाचंय. एकट्याला करमंना म्हनतोय. धाकट्याला मागं बसवून आनतो म्हनतोय."

हे ती अगदी आनंदात म्हणाली. भावाला घरी आणायला निघालेल्या मुलाचं कौतुक करावं तसं. तिच्या मनात वाईट काही नाही, हे तू ध्यानात ठेव. तिला दोन्ही मुलं एका ठिकाणी हवी आहेत, एवढंच तिला कळतं.

मी पप्पांना आत आणलं. त्यांना काहीच सांगितलं नाही, सांगून ऐकूही आलं नसतं. गाडी स्टँडवर चालू होती, मावशी बाजूला. पप्पांनी सवयीने टाकीवर हात ठेवला, मग इंजिनावर, मग सीटवर. स्टँडवरची गाडी आणि माणूस घेऊन चाललेली गाडी यांचा ठोका वेगळा असतो. वजन आलं की इंजिन दबून चालतं, ते हाताला कळतं. पप्पांनी सीटवरचा हात असा काढला, जणू कुणाच्या मांडीवर चुकून पडला होता. माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "कोण बसलंय हिच्यावर?" आणि बाहेर जाऊन प्रार्थना म्हणायला लागले. कान गेल्यापासून त्यांना आपला आवाज कळत नाही. ती प्रार्थना आमच्या सगळ्या मिशन कंपाउंडने ऐकली.

त्याच दिवशी मावशी गेल्यावर मी अठ्ठावीस काढला, हातोडीनं ठेचला आणि भंगारात टाकला. चोवीस परत बसवला आणि खात्री करायला एक किक मारली. आवाज अठ्ठावीसचाच आला. तोच संथ, जड, घशातून आलेला. मी खाली वाकून बघितलं, चोवीसच होता, माझ्या हातांनी बसवलेला. मग मी गाडी बंद केली, दोन्ही चाकं काढून माळ्यावर टाकली आणि सांगाडा लाकडी ओंडक्यांवर ठेवला. मला आता वेडी म्हण. चाकं काढताना माझ्या मनात त्या पांढरीतल्या माणसांचे घोटे होते, आणि मी रडत होते, कारण रविराज मलाही भावासारखा होता.

काही दिवस शांततेत गेले. मावशी यायची, गाडीजवळ बसायची, चालू कर म्हणायची नाही. मला वाटलं, विसरली. काल ती आली नाही. घरी नव्हती, बाजारात नव्हती. सापडली ती एस.टी. स्टँडच्या पुढे, दौंडच्या रस्त्याला, रसवंतीच्या बाकावर. ऊन तिच्या तोंडावर होतं आणि ती हसत होती. मी म्हटलं, "मावशी, इथं काय करताय?" ती म्हणाली, "वाट बगतीय पोरांची. मगाशीच गेला की रवी दौंडाला. आयकलं न्हाईस व्हय? ह्या रस्त्यानंच गेला." रसवंतीवाल्या पोपटरावांकडे मी बघितलं. ते ग्लास विसळत म्हणाले, "गाडी गेली खरी, ताई. आवाज आला मोठा. पण मी मान वर केली तर रस्ता मोकळाच."

मावशीला घरी सोडून मी पळत गॅरेजमध्ये आले. गाडी ओंडक्यांवर होती, चाकं माळ्यावर, सगळं जागच्या जागी. मी किक मारली. काही नाही. प्लग काढून बघितला, करंट येत होता. पेट्रोल येत होतं. मग मी कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात धरून किक मारली. इंजिन ठीक असेल तर हवा तळहाताला खेचते, ते तुलाही माहीत आहे. मी मारत राहिले, घाम फुटेपर्यंत. पिस्टन वर-खाली होत होता आणि हाताला काहीही लागत नव्हतं. आत कुणी श्वास घेत नव्हतं. इतके दिवस जे तिथं होतं ते तिथं नव्हतं.

म्हणून हे पत्र. फोन गॅरेजमध्ये आहे, गाडीपासून हातभर अंतरावर, आणि तिथं उभं राहून तुझं नाव घ्यायला माझी जीभ उचलत नाही. बाहेरून केला तरी आता नुसत्या आवाजावर तू विश्वास ठेवू नयेस, अक्षरावर ठेव. उद्या सकाळच्या पहिल्या एस.टी.च्या कंडक्टरकडे पाकीट देणार आहे, म्हणजे दुपारपर्यंत तुला शेडमध्ये मिळेल. रेस विसर. आईला भेटायला ये, तिला दोन्ही नाही तरी एक मुलगा मिळू दे. एस.टी.ने ये, दिवसाउजेडी, माणसांत बसून ये. आणि त्याआधी तुझ्या खोलीसमोर मोटरसायकल येऊन थांबली, आवाज तुझ्या ओळखीचा असला, तरी दार उघडू नकोस. "चल, आईनं बोलावलंय" असं म्हणाला तरी मागे बसू नकोस. हाक माझ्या आवाजात आली तरी ओ देऊ नकोस, मच्छिंद्र. मी तुला कधी बोलवायला आलेच, तर पायी येईन, आणि आधी दाराबाहेर रडेन, बऱ्याच वर्षांचं साठलंय. त्यावरून मला ओळख.

तुझी, आणि दुसऱ्या कुणाचीच न झालेली,
दबोरा