उलट्या पात्यांची कात्री

अण्णा, काल दुपारी मी धाकटीचं मनगट घट्ट धरलं आणि लगेच तुम्ही आठवलात, म्हणून हे लिहायला बसले.

पोरींच्या शाळेत हिवाळ्याची सजावट आहे. दोघींना कागदाचे हिमकण करून न्यायचे होते. नांदेडात बर्फ म्हणजे रसवंतीतला. धाकटीनं विचारलं, "आई, आभाळातून पडताना लागत नाही का?" मी म्हटलं, "मी तरी कुठं बघितलाय?" स्वयंपाकघरात फरशीवर बसून गोल कागद अर्धा दुमडायचा, मग त्याची तीन पदरी घडी घालायची, कडेनं खाचा कापायच्या, असं आमचं चाललं होतं. थोरलीचे भराभर झाले. उलगडलं की सहा पाकळ्यांची जाळी. धाकटीच्या कात्रीत मात्र कागद नुसता मुडपायचा नाहीतर फाटायचा. ती डावखुरी आहे, माझ्यासारखी. चौथा कागद फाटला तेव्हा मी तिचं मनगट धरलं. "उजव्या हातात धर, कितीदा सांगू?" तिनं हात सोडवून घेतला नाही. मान खाली घालून बसून राहिली.

मी तिसरीत आहे. उदगीरच्या आपल्या शिलाईच्या दुकानात, कोपऱ्यात बसून गणपतीच्या मखराला रंगीत कागद कापतेय. बाकावर गिऱ्हाइकं आहेत. तुमचा कापड मोजायचा लाकडी गज माझ्या डाव्या बोटांवर बसतो. "डाव्या हातानं कापायचं न्हाई म्हणून किती बार सांगायचं?" मी रडत नाही. कागद गोळा करते आणि मशीनमागं जाऊन बसते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर दुकानात तुम्ही एकटेच होतात. तुमची मोठी कात्री डाव्या हातात धरून अस्तराची चिंधी कापत होतात, आणि कापड पात्यांत अडकत होतं. मला वाटलं, मला चिडवायलेत. तुम्ही वर न बघता म्हणालात, "अगं, कुठं कापायलोय तेच दिसंना की. पातं आडवं येतंय." चिंधी बाजूला ठेवलीत. मग म्हणालात, "कात्रीच उलटी हाय तुझ्यासाठी. तुझं काय चुकलं न्हाई."

सणाची शिलाई साचलेली असताना तुम्ही दुकान बंद केलंत आणि मला घेऊन धार लावणाऱ्या चाचांकडं गेलात. चाचा हसले. "टेलर, उलट्या पात्यांची कात्री कुणाला लागायली?" तुम्ही म्हणालात, "माझ्या लेकीला." आठवड्यानं ती आली. त्या वर्षी मखराची सगळी जाळी मी कापली. ज्या गिऱ्हाइकांसमोर मला मारलं होतं, त्यांना तुम्ही आवर्जून घरी बोलावलंत आणि दाखवलंत, "पोरीनं कापलंय. डाव्या हातानं." तुम्ही माझी माफी मागितली नाहीत. पण त्या दिवसापासून माझ्या हाताला घरात कुणी काही बोललं नाही. पुढं मी ताट वाढलं, फळ्यावर लिहिलं, सह्या केल्या, सगळं डाव्या हातानं. त्यात मला कधी लाज वाटली नाही, ती तुमच्यामुळं.

काल मी धाकटीचं मनगट सोडलं. तिला म्हटलं, "चूक माझी झाली." कात्री बाजूला ठेवली आणि आम्ही दोघींनी घडी केलेला कागद बोटांनी फाडून हिमकण केले. कडा खरबरीत आल्या. थोरली म्हणाली, हेच खरे वाटतात. आज सकाळी इथल्या धारवाल्याला उलटी कात्री करायला सांगून आले. त्यालाही हसू आलं.

हे पत्र वहीतच राहणार, तरी एक सांगते. घरात इतकी वर्षं मीही उजवीच कात्री कशीबशी चालवतेय, कारण तुम्ही करून दिलेली माझ्याजवळ नाही. लग्न होऊन नांदेडला येताना अहमदपूरच्या स्टँडवर गाडी बदलली, तेव्हा ती ज्या पिशवीत होती ती पिशवी तिथंच राहिली. तुम्ही दर दिवाळीला म्हणायचात, "येताना कात्री आण, धार लावून देतो." मी म्हणायचे, "अजून लई धार हाय तिला." तुमच्या शेवटच्या दिवाळीतही मी हेच म्हणाले.