कारवीच्या पानांची तिपाई

मी जैनब, मरहूम राजमहंमद सुतार यांची बायको, वय अदमासे छप्पन्न, राहणार लोणावळे, तालुका मावळ. ताप येतो-जातो, पण डोके ठिकाणावर आहे. मी सांगते तसेच मास्तर लिहीत आहेत. कोणाचा दाब नाही. दाब मानणारी मी राहिलेही नाही.

१. राहते घर आमच्या शरियतीप्रमाणे वारसांना जावे. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

२. मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत मला मर्जीप्रमाणे देता येते. त्यातून माझी सर्व हत्यारे, म्हणजे रंधे, करवती, गिरमिट, लाकूड तासायचा वाकस, नऊ पटाश्या वगैरे, पेटीसह मुलगा मकसूद याची बायको, माझी सून मेहमुदा हिला द्यावीत. सून वारसांत धरत नाहीत, म्हणूनच हे मृत्युपत्र. दीर हमीद म्हणतील, भावाची हत्यारे सुताराच्या हाती जावीत. ती सुताराच्याच हाती जात आहेत.

३. कारण लिहून ठेवते. सन १९२७ साली मकसूदचे वडील एका छपरावरून पडले. उजवे मनगट मोडले ते पुन्हा वळले नाही. भुशीच्या वाटेवरच्या बंगल्यातील रतनबाईंनी सांगितलेली तिपाई तशीच राहिली. ते म्हणाले, "काम परत करू." मी म्हटले, "तुमी सांगा, मी करते." चुलीतल्या कोळशाने जमिनीवर आठ कोनांचा माथा काढला, कडेने कारवीची पाने. बंगल्याची फरशी उंचसखल, म्हणून पाय तीनच ठेवले. तीन पायांचे डुगडुगत नाही. पहिल्या फळीवर पान लाकडाच्या रेषांच्या उलट कापले आणि कपचा उडाला. मला रडू आले. ते चिडले नाहीत. डाव्या हाताने माझा हात धरून म्हणाले, "लाकूड कुटं जातंय ते बघ. त्याच्यासंगं जा." दुसरी फळी महिनाभराने पुरी झाली.

४. तिपाई पोचवायला हमीद गेले आणि स्वतःच्या हातची म्हणून देऊन आले. रतनबाईंनी आणखी दोन सांगितल्या, तेव्हा माझ्याकडे आले. "भाबी, तुमी करा, नाव माजं ऱ्हाऊ द्या. बाईच्या हातचं कोन घेनार?"

मकसूदचे वडील खाली मान घालून बसले होते. मी पटाशी घेतली आणि बंगल्यावर चालत गेले. तिपाई माझ्या हातची, असे सांगितल्यावर रतनबाईंनी खोक्याची एक फळी पुढे टाकली. त्यांच्यादेखत व्हरांड्यात बसून मी पान कापले. त्या बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "यापुढे काम तुलाच."

घरी आले तेव्हा मकसूदचे वडील हमीदसमोर म्हणाले, "हात तिचाच हाय. मी लाजून गप बसलो, ते चुकलं." त्या एका वाक्यावर मी पुढची दहा वर्षे काम केले.

५. हमीदांनी माफी मागितली नाही, मी दिली नाही. माझ्या जनाज्याला त्यांनी खांदा द्यावा. पेटीला हात लावू नये.

६. मेहमुदाने ओले लाकूड घेऊ नये, पटाशी उसनी देऊ नये. मुलगी झाल्यास तिलाही शिकवावे. मकसूदने मध्ये बोलू नये. "न्हाई बोलनार, अम्मा," असे त्याने आज सर्वांसमोर कबूल केले आहे.

स्थळ लोणावळे, ता. १४ माहे फेब्रुवारी सन १९३८.

साक्षीदार: दत्तोबा नथू गराडे, दुकानदार (सही)
हसनमियाँ बाबू तांबोळी (सही)

लिहिणार भिमाजी हौशीराम, शाळामास्तर. लिहिता न येणाऱ्या बाईच्या नावापुढे बांगडीची निशाणी काढण्याची रीत आहे, तशी मी काढू लागलो. बाई म्हणाल्या, "थांबा मास्तर. सुतारापुढं काय काढता?" मी म्हटले, "वाकस." "मग त्योच काढा."

जैनब राजमहंमद सुतार. निशाणी वाकस.