बाटल्यांचा चार्ज

प्रिय ठमे,

तुझा निरोप मिळाला. "ताई, पीएचडीला तुझ्या सरांकडे की त्या मॅडमकडे, पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवायचंय, तू म्हणशील तिथे जाते," एवढं लिहून तू मोकळी झालीस. बरं आहे बाई तुझं! लहानपणी कुठला फ्रॉक घालू हेही मलाच विचारायचीस आणि मग दिवसभर दुसरा हवा होता म्हणून भुणभुण करायचीस. फोनच करणार होते, पण आपल्या घरी फोनवर बोलायचं म्हणजे मी तुला काहीतरी विचारायचं आणि उत्तर आईने स्वयंपाकघरातून द्यायचं. आईचं उत्तर मला पाठ आहे. दोघी बहिणी एका गावात, एका खोलीत, एकाच सरांच्या हाताखाली असल्या की तिचा जीव भांड्यात पडेल. बाबांचं तर त्याहून सोपं. "सरांचं नाव मोठं आहे ना? मग प्रश्नच मिटला." म्हणून हा कागद घेऊन बसलेय. कुरिअरने पाठवते, म्हणजे तुला वेळेत मिळेल. हात दुखतोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

मी दमलेय, ठमे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा सूर असा का लागलाय ते तुला कळेल. आजारी वगैरे काही नाही. जेवते, झोपते, थोडे केस पांढरे झालेत ते रंगवायचा कंटाळा करते. पण सकाळी प्रयोगशाळेच्या दारापाशी आले की लगेच आत जावंसं वाटत नाही. बाहेरच्या बाकावर बसून उगाच पिशवीत काहीतरी शोधत राहते. पीएचडीचं सातवं वर्ष चालू आहे. आई शेजारच्या काकूंना दरवर्षी "आता शेवटचंच वर्ष" असं सांगते आणि काकूही दरवर्षी तितक्याच आनंदाने "हो का!" म्हणतात. दोघींचेही आभार मानायला हवेत.

मी इथे नेमकं काय करते, ते मी घरी कधी धड सांगितलेलं नाही. आमच्याकडे त्या पिकलेल्या फळांवर बसतात ना, त्या बारीक माश्यांचे शेकडो वाण आहेत. प्रत्येक वाणात काहीतरी बिघाड आहे. कुणाचे पंख वाकडे, कुणाचे डोळे पांढरे, एक वाण तर झोपतच नाही, त्याच्याशी माझं चांगलं जमतं. सरांनी आयुष्यभर खपून ते जमवलेत आणि त्यातले बरेच जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. काचेच्या लहान बाटल्या, तोंडाला कापसाचा बोळा, तळाशी खाऊ. खाऊ सुकायच्या आत माश्या नव्या बाटलीत घालायच्या. राहून गेलं तर तो वाण गेला, कायमचा. म्हणून सुट्टी नाही, सण नाही, ताप आला तरी नाही. तुझ्या बारावीच्या निकालाला मी आले नव्हते, त्या आठवड्यात खिडकी नसलेल्या त्या गरम खोलीत बाटल्या बदलत होते. खाऊही आम्हीच शिजवतो. मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट मोठ्या पातेल्यात घालून ढवळत राहायचं. घरी दूध उतू घालवणारी मी इथली आचारी झालेय. बाबा म्हणतात, लोक रिकामे असले की माश्या मारतात, आमची लेक इतकी शिकली की माश्या पाळते. हसू येतं ग, पण हल्ली जरा उशिरा येतं.

आता इथली एक रीत सांगते. ती कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नाही. बाटल्यांचा चार्ज ज्याच्याकडे असतो, त्याचा प्रबंध तो चार्ज दुसऱ्या कुणी घेतल्याशिवाय पुढे जात नाही. नवा विद्यार्थी आला पाहिजे, सगळं शिकला पाहिजे, त्याने वर्षभर एकही वाण न मरू देता सांभाळला पाहिजे, मग जुन्याची सुटका. ऐकायला यात काही वावगं नाही. सर म्हणतात, बाटल्या पोरक्या होता कामा नयेत. मलाही पहिल्या वर्षी ते फार उदात्त वाटलं होतं. माझा प्रबंध लिहून झालाय, सरांच्या टेबलावर डाव्या हाताला पडून आहे. मधूनमधून सर तो उघडतात, प्रेमाने पानं उलटतात आणि म्हणतात, "अजून एक प्रयोग झाला ना, की कसं छान होईल बघ." असे प्रयोग किती झाले विचारू नकोस. माझ्यानंतर एक मुलगा आला होता, तो चार महिन्यांत काय ते समजला आणि औषधांच्या कंपनीत नोकरी धरून बसला. मग एक मुलगी आली, तिला यीस्टच्या वासाने इतक्या शिंका यायच्या की माश्या उडून जायच्या. बिचारी रडतच गेली. चार्ज माझ्याकडेच राहिला.

माझ्या आधी चार्ज लंबूकडे होता. लंबू तुला आठवेल, एकदा मला सोडायला घरी आला होता आणि दाराच्या चौकटीवर त्याचं डोकं आपटलं होतं. मी पहिल्यांदा ही जागा बघायला आले, तेव्हा सरांनी त्यालाच माझ्यासोबत दिलं. किती आपुलकीने हिंडवलं ग त्याने मला! यंत्रं दाखवली, ग्रंथालय दाखवलं, चहा पाजला, स्वतःची बिस्किटं दिली. सर म्हणजे देवमाणूस, इथे शिकायला मिळणं भाग्याचं, हे दर दोन वाक्यांनी. मीही खूप प्रश्न विचारले. वसतिगृहात गरम पाणी येतं का, शिष्यवृत्ती वेळेवर मिळते का. तू इथे किती वर्षं आहेस आणि तुझं का संपत नाही, हे विचारायचं मला सुचलंच नाही. कसं सुचणार, तो सारखा हसत होता. मी वर्षभरात तयार झाले आणि तो गेला. जाताना मला म्हणाला, "सॉरी हं." मला वाटलं, टेबल घाण ठेवून चाललाय म्हणून म्हणतोय. माझा त्याच्यावर राग नाही. असता तर बरं झालं असतं, निदान कुणावर तरी असता.

सरांवरही धड रागावता येत नाही, हीच पंचाईत आहे. आईच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी स्वतः माझ्या बाटल्या बदलल्या होत्या, या वयात, उभं राहून. ओरडत नाहीत, कुणाचं काम स्वतःच्या नावावर खपवत नाहीत. त्यांना खरोखर वाटतं की या वाणांपेक्षा मोलाचं जगात काही नाही आणि आपल्या विद्यार्थ्यांनाही तसंच वाटतं. प्रत्येक वाणाची सात पिढ्यांची कुळकथा त्यांना तोंडपाठ आहे. माझं लग्न ठरून मोडलं, ते मात्र त्यांना अजून माहीत नाही. परवाच विचारत होते, "काय म्हणतायत जावईबापू?" मी म्हटलं, बरे आहेत.

आता तुझ्या त्या मॅडमबद्दल. आई ज्यांना "ती कोण ती बाई" म्हणते आणि बाबा ज्यांचं विद्यापीठ नकाशात शोधतात, त्या. त्यांना मी एकदा पाहिलंय. एका परिषदेत त्या बोलत होत्या आणि त्यांचीच विद्यार्थिनी मधल्या रांगेतून उठून म्हणाली, "मॅडम, तो आलेख जुना आहे, आपण तो बदललाय." आमच्याकडे असं कुणी बोललं असतं तर नंतर आठवडाभर आम्ही एकमेकांच्या नजरा चुकवल्या असत्या. या बाई हसल्या, म्हणाल्या, "अगं हो, ये, तूच सांग," आणि त्या मुलीच्या हातात माईक देऊन खाली बसल्या. मी नंतर मुद्दाम त्या मुलीला गाठलं. चौथं वर्ष होतं तिचं, पुढच्या महिन्यात प्रबंध देणार होती. मॅडम कशा आहेत विचारलं तर सरळ म्हणाली, "विसराळू आहेत, चिडतात पण पटकन, आणि पैशांची नेहमी ओढाताण असते." मग म्हणाली, "पण लिहिलेलं दिलं की चार दिवसांत वाचून देतात." ठमे, मला त्या मुलीचा इतका हेवा वाटला की जेवताना तिच्या टेबलावर बसवेना.

मॅडम उत्तम आणि सर वाईट, असं मला म्हणायचं नाही. मॅडमकडे यंत्रं जुनी असतील, नाव नाही, पुढे नोकरीच्या वेळी सरांची शिफारशीची एक ओळ जे काम करते ते तिथे होणार नाही. हे सगळं खरं आहे आणि तुला ते सोसावं लागेल. पण तिथे जाऊन बघ. त्यांच्या विद्यार्थ्यांना एकेकटं भेट, मॅडम खोलीत नसताना. त्यांच्याबद्दल वाईट काय ते विचार, आणि कुणालाच काही वाईट आठवत नसेल तर तिथून पळ काढ. जे अर्ध्यावर सोडून गेले, त्यांचे पत्ते माग. ते देताना बाई अडखळल्या तर तेही लक्षात ठेव. आणि विषयाच्या प्रेमात पडून निर्णय घेऊ नकोस. विषय सगळेच गोड वाटतात ग पहिल्या वर्षी. तुझी सकाळ कशी जाणार आहे आणि तुला तिथून बाहेर कोण, कसं पडू देणार आहे, ते बघ.

एवढं लांबण लावलं, पण खरं सांगायचं ते अजून राहिलंच आहे. सोमवारी सरांनी मला बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाले, "तुझी बहीण येतेय ना? घरचीच मुलगी, पटकन शिकेल. तिने चार्ज घेतला की लगेच मी तुझ्या प्रबंधावर सही करतो. वर्षभर थांबायचीही गरज नाही." मी बाहेर आले ती तरंगतच. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी मनातल्या मनात सामान बांधत होते. तुला एक वेगळंच पत्रही लिहायला घेतलं होतं, इथे गरम पाणी येतं, झाडं छान आहेत वगैरे. वर तुझं नाव लिहिलं आणि खाली ते सगळं लिहवेना. सर तुला शनिवारी स्वतः फोन करणार आहेत, हे त्यांच्याकडून कळायच्या आत माझ्याकडून कळावं म्हणून ही सगळी धावपळ. आणि मी तुला ओळखते. हे वाचलंस की तू बॅग भरशील, म्हणशील ताई सुटत असेल तर माझी दोन-चार वर्षं गेली तर गेली. आईही डोळे पुसत तुला चिवडा-लाडू बांधून देईल. म्हणून आज सकाळी मी सरांना जाऊन सांगून आले की माझी बहीण आली तरी बाटल्यांचा चार्ज मी तिला देणार नाही. दुसरं कुणी येईपर्यंत मीच सांभाळीन. सर चष्मा पुसत म्हणाले, "मग थांबावं लागेल तुला." मी म्हटलं, थांबेन. आता तू इथे आलीस तरी माझी सुटका होणार नाही, ठमे. म्हणजे माझ्यासाठी यायचं काही कारणच उरलेलं नाही. आता फक्त स्वतःपुरतं ठरव.

तुझीच,
अजून दमलेली, पण आज सकाळपासून जरा कमी,
ताई