मेलेल्या जॉनच्या मेंढ्या

४ मार्च, मंगळवार
आज दुपारी जिल्हा दफ्तरखान्याच्या काउंटरवर तिनं माझं पेन काढून घेतलं, हातात पेन्सिल ठेवली, आणि माझं आयुष्य बदललं. इमोजेन फेअरली. नाव छातीवरच्या पट्टीवर वाचलं. इथं शाई चालत नाही, म्हणाली. नियम सगळ्यांनाच आहे. पण सगळ्यांकडे बघून ती तसं हसत नसणार.
खरं तर मी आत शिरलो होतो हात शेकायला. कुठलं घराणं शोधताय, तिनं विचारलं. ब्रॉकहर्स्ट, मी ठोकून दिलं. माझंच आडनाव. आमच्या चर्चमध्ये सर वॉल्टर ब्रॉकहर्स्ट नावाचा दगडी सरदार, पायाशी कुत्रा घेऊन, साडेपाचशे वर्षं आडवा पडलाय. त्याच्यापासून माझ्यापर्यंत वंशावळ जोडायची. मग लग्न.

५ मार्च
कॉलेज सोडलं ते उत्तमच झालं. प्राध्यापकाशी भांडलो नसतो तर इमोजेन भेटली नसती.
संकल्प: शुक्रवारपर्यंत लॅटिन. जुने कागद त्यातच आहेत.
बाबांना सांगितलं, आपण सरदार घराण्यातले. बाबा खाटीक. सुरीला धार लावता लावता म्हणाले, बरं सरदार, मागे डुक्कर टांगलंय, तेवढं खाली उतरवा.

७ मार्च, शुक्रवार
लॅटिन: बायको, मुलगा, मेंढी. पुरे. घराणी याच्यावरच चालतात.

१२ मार्च
सर वॉल्टरचा मुलगा जॉन सापडला. १४६१ साली टाउटनच्या लढाईत, बर्फात, ठार. शाब्बास जॉन.
त्या काळच्या बारशांबद्दल इमोजेन बराच वेळ काहीतरी समजावत होती. बोलताना तिची डावी भुवई जरा वर जाते. मी भुवईकडे बघत मान डोलावत राहिलो. आमचं किती जुळतं.

१९ मार्च
लढाईत ठार झालेल्या जॉननं, वॉल्टरच्या मुलानं, १४७३ साली मेंढ्यांचा कळप विकत घेतलाय!
अर्थ एकच. तो मेलाच नव्हता. प्रेतांच्या ढिगातून उठला, वेष बदलून रानोमाळ फिरला, परत आला. कशासाठी? प्रेमासाठी. मेंढ्यांसाठी कोण परत येतं?
आणि मी त्याचा वंशज. मधली तीनेकशे वर्षं रिकामी आहेत. पण नाक तेच आहे. मूर्तीचं नाक फुटलंय, तरी कळतं.

२० मार्च
इतिहास मंडळाचे अध्यक्ष पार्जिटर. दफ्तरखान्यातलं खिडकीजवळचं टेबल यांच्या बापाचं. माझा शोध ऐकून म्हणाले, पोरा, मेलेली माणसं बाजारात जात नाहीत. म्हटलं, तुम्ही जाताच की. मग आवाज वाढले. माझा जास्त. आजच्या दिवसापुरतं मला बाहेर काढलं.
इमोजेन स्वतः दारापर्यंत सोडायला आली. दार उघडून धरलं. इतकं कोण करतं?

२७ मार्च
पार्जिटरना आव्हान दिलं, तुमच्या मंडळात व्याख्यान देतो. त्यांनी लगेच तारीख दिली. घाबरलेत.
इमोजेनला बोलावलं. नक्की येते म्हणाली, एकाला बरोबर आणलं तर चालेल ना? चालेल काय, धावेल. वडील असणार.
शेवटचं वाक्य तयार: ‘जॉन प्रेमासाठी मरणाच्या दारातून परतला, आणि मीही...’ इथं तिच्याकडे वळायचं. गुडघा टेकावा का? आरशासमोर टेकून पाहिला. दारातून बाबा म्हणाले, नेड, काय हरवलं रे?

१२ एप्रिल, शनिवार, संध्याकाळ
आज व्याख्यान झालं. सभागृहात मंडळाची म्हातारी मंडळी, मागे बाबा आणि त्यांच्या मांस भरलेल्या पोर्क पाई. इमोजेन दुसऱ्या रांगेत. शेजारी दाढीवाला. वडील म्हणून फारच तरुण.
‘आणि मीही’पर्यंत पोचलो. पार्जिटरनी हात वर केला. म्हणाले, त्या काळी बारशाला उभा राहणारा धर्मपिता आपलंच नाव बाळाला द्यायचा. दोघांच्याही धर्मपित्याचं नाव जॉन, म्हणून वॉल्टरचे दोन्ही मुलगे जॉन. एकाच घरात, एकाच वेळी. थोरला लढाईत गेला, मूलबाळ नाही. धाकट्यानं मेंढ्या घेतल्या.
मी इमोजेनकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, तुला सांगितलं होतं मी. तू मान डोलावलीस.
मागून बाबांनी विचारलं, मेंढ्यांचं त्यानं केलं काय? कापून बाजारात विकल्या, पार्जिटर म्हणाले, शिळ्या मटणाबद्दल एकदा दंडही झाला. बाबा म्हणाले, भरला ना दंड? मग झालं तर. त्यांनी सगळ्या सभागृहाला वळून सांगितलं, म्हणजे दुकान आमचं पाचशे वर्षांचं आहे. टाळ्या पडल्या. मला नव्हत्या पडल्या.
तरी मी म्हटलं, आणि मीही... आणि इमोजेनकडे वळलो. तिला वाटलं, ओळख करून द्यायची राहिली म्हणून वळलो. म्हणाली, हा नेड, माझा होणारा नवरा. तुझ्याच नावाचा, गंमत आहे ना?
बघा, पार्जिटर म्हणाले, दोघांतला एक नेहमीच कामी येतो.
दाढीवाल्यानं हात पुढे केला. माणूस चांगला निघाला, हे वर. मी कागद गोळा केले, कोट घेतला आणि निघालो. दार असं आपटायचं ठरवलं होतं की खिडक्या हादराव्यात. पण बाबा पाई वाटत होते, लोक दुकानाचा पत्ता विचारत होते, आणि इतके खूश ते मला कधी दिसले नव्हते. मी बाहेर आलो आणि दार हळूच लावून घेतलं.